पडवीतल्या जुन्या ऑईल इंजिनाला पुन्हा जीवदान



वस्त्यावाड्यांवर फिरताना एक गोष्ट हमखास नजरेस पडते. गोठ्याच्या कडेला, नाहीतर विहिरीजवळच्या पडक्या छपरात एक जुने ऑईल इंजिन उभे असते. अंगावर गंज चढलेला, फ्लायव्हीलवर पोती वाळत घातलेली, टाकीखाली कोंबडी अंड्यावर बसलेली. घरच्यांना विचारावे तर उत्तर ठरलेले, "वडिलांनी घेतले होते. वीज आल्यापासून पडून आहे. भंगारवाला येतो अधूनमधून मागायला."

भंगारवाल्याला देण्यापूर्वी थोडे थांबा. त्या इंजिनाची नीट परीक्षा करा. परीक्षेत उतरले, तर घरच्या घरी, थोड्या खर्चात ते पुन्हा चालू करता येते. परीक्षेत नापास झाले, तर खुशाल विकून टाका. पण निर्णय माहितीवर व्हावा, कंटाळ्यावर होऊ नये.

या इंजिनाचे घराणे

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याला या इंजिनाचे पेटंट १८९३ साली मिळाले आणि १८९७ साली ऑग्सबर्ग येथे त्याचे यशस्वी इंजिन चालले. त्यात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा पिस्टनने इतकी दाबली जाते की ती तापून लाल निखाऱ्यासारखी होते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणून या इंजिनाचा सगळा जीव दोन गोष्टींत आहे. हवा नीट दाबली गेली पाहिजे आणि डिझेल बारीक फवाऱ्याने पडले पाहिजे. पुढची सारी दुरुस्ती या दोन गोष्टींभोवतीच फिरते, एवढे ध्यानात ठेवा.

आपल्याकडे प्रामुख्याने दोन जाती आढळतात. एक, इंग्लंडमधील लिस्टर कंपनीच्या नमुन्याचे, मोठ्या चाकाचे, मिनिटाला सुमारे ६५० फेरे घेणारे सावकाश इंजिन. राजकोटच्या कारखान्यांतून ही फार मोठ्या संख्येने बनली. दुसरी जात मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या आटोपशीर इंजिनाची. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि तिची इंजिने खेडोपाडी पोचली. तुमचे इंजिन कोणत्या जातीचे आहे हे त्याच्या अंगावरील पट्टी घासून आधी वाचून घ्या. नंबर, अश्वशक्ती आणि फेरे वहीत लिहा. सुटे भाग आणताना हीच नोंद उपयोगी पडते.

आधी परीक्षा, मग खर्च

हात घालण्यापूर्वी काठीने आजूबाजूचा पालापाचोळा दूर करा. वर्षानुवर्षे न हललेल्या लोखंडाखाली विंचू आणि साप घर करतात. एक्झॉस्टच्या नळीत आणि हवेच्या तोंडात कुंभारीण माशीची मातीची घरे व उंदराची बिळे असतात. ती सगळी उकरून काढा.

मग या पाच गोष्टी पाहा.

१. सिलिंडरला, हेडला किंवा खालच्या बैठकीला तडा गेला आहे काय? बिडाचा तडा साध्या वेल्डिंगने भरवशाचा भरून येत नाही.

२. बैठकीच्या बाजूला भोक पडले आहे काय? तसे असल्यास आतला कनेक्टिंग रॉड तुटून बाहेर आलेला असतो. असे इंजिन सोडून द्यावे.

३. महत्त्वाचे भाग जागेवर आहेत काय? डिझेल पंप, नोजल, गव्हर्नर चोरीला गेले असतील, तर खर्च एकदम वाढतो.

४. फ्लायव्हील दोन्ही हातांनी वरखाली हलवून पाहा. खडखड लागली तर बेअरिंग झिजले आहे.

५. दाब सोडण्याचा खटका उचलून चाक हाताने फिरते काय ते पाहा. फिरत असेल तर निम्मे काम झाले. नसेल तर निराश होऊ नका.

चाक फिरत असेल तर खटका खाली टाकून पिस्टन दाबावर आणा. इंजिनात जीव असेल तर चाक स्प्रिंगसारखे मागे उसळते. न उसळता हळूच सरकले, तर हवा कुठून निसटते ते कान देऊन ऐका. हवा घेणाऱ्या तोंडाशी फुसफुस आली तर आतला व्हॉल्व्ह गळतो, एक्झॉस्टमधून आली तर बाहेरचा. खाली ऑईलच्या घरातून आली तर रिंगा झिजल्या किंवा चिकटल्या आहेत. पैसा न घालता होणारी ही परीक्षा आहे.

अडकलेले इंजिन कसे सोडवावे?

चाक जाम असेल तर त्यावर घणाचे घाव घालू नका. फ्लायव्हील बिडाचे असते, ते तडकते. पिस्टन गंजाने लायनरला धरलेला असतो, त्याला भिजवणे हाच उपाय. नोजल काढून त्या वाटेने थोडे डिझेल आणि तितकेच पातळ इंजिन ऑईल आत सोडा. काही इंजिनांत त्या वाटेने तेल पिस्टनवर पोचत नाही. तेथे हेड उतरवून ओतावे. चार ते आठ दिवस तसेच भिजत ठेवा आणि रोज थोडी भर घाला.

मग दोघांनी चाक धरून हलकेच मागेपुढे झुलवावे. दोराभर सरकले तरी समजा की सुटत आले. सुटल्यावर नोजल बाहेरच ठेवून चाक पुष्कळ वेळा फिरवा, म्हणजे वर साठलेले तेल बाहेर उडून जाईल. त्या वेळी तोंड नोजलच्या भोकासमोर आणू नका. हे तेल आत राहिले तर दोन धोके असतात. ते दाबले जात नसल्याने रॉड वाकू शकतो आणि इंजिन सुरू झालेच तर तेच तेल जाळून ते बेफाम पळू शकते.

खोलताना वही जवळ असावी

खोललेले सामान पोत्यावर पसरून ठेवले की चार दिवसांनी कोणता नट कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. अंड्यांचे ट्रे किंवा घरातल्या जुन्या थाळ्या घ्या. प्रत्येक भाग ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने मांडा आणि चिंधीला नंबर बांधा. शाळेत जाणाऱ्या मुलीला किंवा मुलाला वही घेऊन शेजारी बसवा. ती लिहील, मोबाईलवर फोटो काढील, आणि इंजिन म्हणजे काय हेही शिकेल. घरातल्या बाईमाणसांनाही इंजिन बंद कसे करायचे ते याच वेळी दाखवून ठेवा. मालक रानात नसताना ही माहिती एखाद्याचा जीव वाचवते.

भाग धुण्यासाठी रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेलने काम भागते. पेट्रोलने मात्र धुऊ नका. त्याची वाफ लांबवरून पेट घेते. धुताना जवळ विडी-काडी नको.

डिझेल, ऑईल आणि पाणी

टाकीतले जुने डिझेल काढून टाका. तळाला पाणी, गंज आणि शेवाळासारखा चिकट गाळ निघेल. टाकी दोन-तीन वेळा धुवा, फिल्टरचा आतला भाग नवा घाला, तडकलेल्या नळ्या बदला. सांध्यांमधले तांब्याचे वायसर जुनेच वापरायचे असतील, तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा. तांबे मऊ होते आणि पुन्हा नीट बसते.

जुने ऑईल एका स्वच्छ भांड्यात काढून नीट पाहा. दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. हाताला चकचकीत कण लागले तर बेअरिंग खाल्ले गेले आहे. बाजूचे झाकण उघडून तळाचा चिखल चिंधीने पुसून घ्या. सुतळीचे धागे किंवा कापूस आत राहू देऊ नका. मग कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचे ऑईल खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर भरू नका. काढलेले ऑईल विहिरीत, ओढ्यात अगर बांधावर ओतू नये. डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

सिलिंडरभोवती पाणी खेळण्याच्या जागेत क्षार आणि गाळ घट्ट बसलेला असतो. तो तारेने मोकळा करून उलट्या दिशेने पाणी सोडा. पाणी खेळत नसेल तर इंजिन तापून पिस्टन पुन्हा धरतो, आणि केलेले सारे काम वाया जाते.

हेड, व्हॉल्व्ह आणि रिंगा

हेडचे नट एकदम न सोडता समोरासमोरचे थोडे थोडे सैल करा. आतली काजळी लाकडी पट्टीने खरवडा. व्हॉल्व्ह काढून बारीक पेस्ट लावून त्याच्या जागेवर घासा. कडेला सगळीकडे एकसारखी राखी रंगाची रेघ उमटली की बैठक चांगली झाली. खात्रीसाठी व्हॉल्व्ह बसवून त्या भोकात डिझेल ओता आणि पाच-दहा मिनिटे थांबा. खालून ओल आली नाही तर काम झाले. घासण्याची पेस्ट म्हणजे बारीक वाळूच समजा. तिचा कणही आत राहू देऊ नका.

लायनरच्या वरच्या टोकाला नख फिरवून पाहा. मोठा कंगोरा लागला तर लायनर झिजले आहे, ते मेस्त्रीकडून मोजून घ्यावे. कंगोरा नसेल तर बहुधा रिंगा बदलून भागते. नवी रिंग आधी एकटी लायनरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट मोजावी. ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरला ती साधारण ०.३ मिलिमीटर लागते. फट नसेल तर तापल्यावर रिंग फुगून तुटते. बसवताना सगळ्या रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ देऊ नका.

हेडचे गॅस्केट नवेच घाला. नट पुन्हा समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. शेवटी टॅपेटची फट, इंजिन थंड असताना आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे ठेवा. अंदाजाने ठेवू नका.

हे काम घरी करू नये

डिझेल पंपाचा प्लंजर आणि नोजलची सुई इतक्या बारकाईने घासून जुळवलेल्या असतात की एक केसही मध्ये मावत नाही. ते उघडून विस्तवावर तापवणे किंवा सॅण्डपेपरने घासणे म्हणजे चांगल्या मालाचे भंगार करणे होय. हे दोन्ही भाग तालुक्याच्या गावी डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे न्या आणि यंत्रावर तपासून घ्या.

आणखी एक सांगणे आहे. नोजलचा फवारा पाहण्यासाठी त्यासमोर बोट कधीही धरू नका. तो फवारा कातडी फोडून आत शिरतो. वरून सुईच्या टोचणीएवढी खूण दिसते, पण आतले मांस सडत जाते आणि बोट किंवा हात गमवावा लागतो. असे घडलेच तर हळद लावून घरी बसू नका. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जाऊन डिझेल आत शिरल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

पहिल्या दिवशीची तयारी

इंजिन पक्क्या बैठकीवर बोल्टने आवळलेले असावे. टाकीत स्वच्छ डिझेल भरून आधी फिल्टरचा, मग पंपाचा आणि शेवटी नोजलच्या नळीचा सांधा सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. खटका उचलून चाक चांगले वीस-तीस फेरे फिरवा, म्हणजे ऑईल वर चढेल. फिरवताना नोजलमधून करकर आवाज येऊ लागला की डिझेल पोचले असे जुने लोक ओळखतात, आणि ते खरे आहे.

हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीसारखा पलीकडे गुंडाळू नका. इंजिनाने उलट झटका दिला तर अंगठा आणि मनगट मोडते. धोतराचा सोगा, साडीचा पदर, गळ्यातला पंचा, मुलींची ओढणी, यांतले काहीही सैल ठेवून पट्ट्याजवळ जाऊ नये. लहान मुले दूर उभी करा.

एक लाकडी फळी जवळ ठेवा. इंजिन बेफाम पळू लागले आणि डिझेल बंद करूनही थांबेना, तर हवेच्या तोंडावर ती फळी घट्ट दाबून धरा. हवा बंद झाली की इंजिन थांबते. तेथे हाताचा तळवा लावू नका. रोज बंद करतानाही डिझेल बंद करूनच थांबवावे.

सुरू झाल्यावर आधी अर्ध्या भारावर चालवा. चारपाच तासांनी थंड झाल्यावर हेडचे नट व टॅपेट पुन्हा पाहा, आणि पहिल्या वीस-पंचवीस तासांनंतर ऑईल बदला. बाहेर पडणारे पाणी हाताला चटका बसेल इतपत गरम असावे, उकळते नसावे आणि अगदी गारही नसावे.

धुराकडे लक्ष द्या. काळा धूर म्हणजे भार जास्त, हवा कमी किंवा नोजल खराब. निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे, रिंगा तपासा. पांढरा धूर सुरुवातीला थोडा वेळ चालतो. पण इंजिन तापल्यावरही तो राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरते आहे.

विहीर आणि धूर

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. पाण्याचा पंप फार खोलून पाणी ओढू शकत नाही. व्यवहारात सहा-सात मीटर ही त्याची मर्यादा. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी खाली गेले की लोक इंजिनच विहिरीतल्या कट्ट्यावर उतरवतात. येथेच माणसे दगावतात.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात मिसळला की रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. डोके दुखते, पाय लटपटतात, माणूस तिथेच कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि एका घरातले दोन-तीन जीव जातात. पेट्रोल-रॉकेलवर चालणाऱ्या छोट्या पंपात हा वायू आणखी जास्त असतो.

काही जण पेटता कंदील सोडून पाहतात. कंदील विझला तर आत प्राणवायू कमी आहे हे कळते, म्हणून उतरू नये हे खरे. पण कंदील जळत राहिला म्हणजे विहीर सुरक्षित आहे असे मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साईडने दिवा विझत नाही, माणूस विझतो.

म्हणून इंजिन काठावरच ठेवा. पंप खाली बसवून पट्ट्याने किंवा शाफ्टने चालवण्याची सोय माहीतगार मेस्त्रीकडून करून घ्या. ते जमत नसेल तर त्या विहिरीवर इंजिन लावण्याचा विचार सोडा. कोणी आत पडलाच, तर स्वतः उतरू नका. वरून डिझेल बंद करता येत असेल तर करा, १०८ वर रुग्णवाहिका आणि १०१ वर अग्निशामक दल बोलवा. कमरेला दोर आणि नाकाला ओला रुमाल बांधला म्हणजे झाले असे समजू नका. ओल्या रुमालाने हा वायू अडत नाही.

खर्चाचा मेळ

सुस्थितीतले ५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण एक ते सव्वा लिटर डिझेल घेते. एक एकराला पाच सेंटिमीटरचे पाणी म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. पंप सेकंदाला १० लिटर देत असेल तर त्याला पाच-सहा तास लागतात. म्हणजे एका एकराच्या एका पाळीला सहा-सात लिटर डिझेल धरा आणि तुमच्या गावच्या भावाने गुणून पाहा.

यावरून दिसेल की वीज किंवा सौर पंप असताना रोजचे भिजवणे डिझेलवर करणे परवडणार नाही. या इंजिनाची जागा वेगळी आहे. रोहित्र जळले आणि गहू ओंबीवर आला आहे, पावसाने ओढ दिली आणि ओढ्याला पाणी आहे, अशा वेळी एक पाळी सगळे पीक वाचवते. शिवाय पट्ट्यावर कडबाकुट्टी किंवा मळणी यंत्रही चालते.

खर्चाला आधीच मर्यादा घाला. सगळ्या सुट्या भागांचे आणि मेस्त्रीच्या मजुरीचे भाव कागदावर मांडा. बेरीज चांगल्या स्थितीतल्या वापरलेल्या इंजिनाच्या निम्म्या किमतीपेक्षा वर गेली, तर माझा सल्ला असा की त्या वाटेला जाऊ नका. वडिलांची आठवण म्हणून पट्टी काढून घरात लावा आणि लोखंड विका. चाराण्याची कोंबडी आणि बाराण्याचा मसाला असे होऊ नये. मात्र आकडे जमत असतील तर कचरू नका.

पुन्हा पडून राहू नये म्हणून

बहुतेक इंजिने वापराने मरत नाहीत, ती पडून राहिल्याने मरतात. महिन्यातून एकदा, बाजाराचा दिवस धरून, अर्धा तास भारावर चालवा. पावसाळ्यात पाण्याची जागा मोकळी करा, एक्झॉस्टवर डबा पालथा घाला आणि वरून नीट छप्पर ठेवा. टाकी भरलेली ठेवली तर आत दव धरत नाही. चालवलेले तास, घातलेले ऑईल, बदललेला भाग यांची नोंद त्याच वहीत करत चला.

दिवाळीनंतर रब्बीची घाई सुरू होण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस हाताशी असतात. त्या दिवसांत पडवीतली पोती उचला, पट्टी घासून नंबर वाचा आणि चाक हलवून पाहा. पुढचे काय ते इंजिनच तुम्हाला सांगेल.